जुन्या डीएसएलआरला व्हिडिओ आणि लाइव्ह व्ह्यू: काय जमतं, काय नाही?

खटक्या
सेकंडहँड बाजारात कॅननच्या ३५०डी, ४०डी, ५०डी अजून फिरताहेत आणि भाव बरेच उतरलेत. तिघांपैकी एकातही कंपनीने व्हिडिओ दिलेला नाही. ४०डी आणि ५०डीला लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर दिसणारं थेट चित्र) आहे, ३५०डीला तोही नाही. काम दोन प्रकारचं आहे. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून लावायचा आणि पोथ्यांची पानं टिपायची, हे मुख्य. अधूनमधून त्याच टेबलावर हातकामाचा व्हिडिओ. या बॉड्यांना बाहेरून काही करून लाइव्ह व्ह्यू किंवा रेकॉर्डिंग जोडता येतं का? जमत असेल तर नक्की कसं, आणि कुठे फसतं?

टिंबटिंब
मोबाइल घ्या. धागा समाप्त.

दोनबोटे
टिंबटिंबराव, मोबाइलला १०० मिमीची मॅक्रो लेन्स लावून दाखवा, मग समाप्त करू.

रिळवाला
आधी अडतं कुठे ते समजून घ्या, म्हणजे तिन्ही बॉड्यांची उत्तरं वेगळी का आहेत ते कळेल. डीएसएलआरमध्ये फोटो काढेपर्यंत सेन्सर अंधारात असतो. पुढे आरसा, मागे बंद शटर. लाइव्ह व्ह्यू म्हणजे आरसा वर, शटर उघडं, आणि सेन्सरमधून सेकंदाला वीस-तीस चित्रं सतत वाचणं. पूर्ण १५ मेगापिक्सेल इतक्या वेगाने वाचता येत नाहीत, म्हणून मधल्या ओळी गाळून लहान चित्र उचललं जातं. ही सोय सेन्सरच्या वाचन-सर्किटमध्ये आणि फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) दोन्हीकडे लागते.

४०डी आणि ५०डीमध्ये ती आहे. मग उरतं एवढंच, की येणारी चित्रं साठवायची कशी. ५०डीत डिजिक ४ (डिजिक म्हणजे कॅननचा प्रोसेसर) आहे आणि व्हिडिओ एच.२६४ पद्धतीने दाबून लहान करण्याचं सर्किट कॅननच्या डिजिक ४ पासून आलं. म्हणजे ५०डीत व्हिडिओचं सामान आहे, फक्त मेनूत बटण दिलेलं नाही. ४०डीत डिजिक ३, तिथे कॅमेऱ्याच्या आत रेकॉर्डिंगचा विषय सोडा. यूएसबीने चित्रं बाहेर ओढून संगणकावर साठवायची. ३५०डीत आतून काहीच मिळणार नाही.

काळीपांढरी
रिळवाला, "३५०डीत काहीच नाही" याला एक पाचर. २००५ची २०डीए ही खगोल-छायाचित्रणासाठीची बॉडी डिजिक २ वरचीच होती, आणि तिला लाइव्ह व्ह्यू होता. फोकससाठी मधला भाग ५ पट, १० पट मोठा करून दाखवायची. त्याच पिढीतल्या साध्या २०डीला नव्हता. म्हणजे प्रोसेसर जुना म्हणून अशक्य, असं सरसकट नाही.

रिळवाला
मान्य, प्रोसेसरवर खापर फोडायला नको. पण २०डीएची सोय कंपनीने बॉडी बनवतानाच घातली होती. ३५०डी बाळगणाऱ्याच्या हातात आज त्यासाठी काहीही नाही. ४००डीसाठी हौशी लोकांनी लिहिलेलं फर्मवेअरचं जोडकाम आहे, त्यात जादा आयएसओ वगैरे मिळतं. लाइव्ह व्ह्यू त्यालाही जमलेला नाही.

झरोका
३५०डीसाठी बाहेरून एक रस्ता आहे: व्ह्यूफाइंडरच्या डोळ्याला दुसरा छोटा कॅमेरा. झिगव्ह्यू नावाची अशी तयार वस्तू मिळायची, आयपीसवर बसणारा कॅमेरा आणि त्याला छोटा पडदा. घरी करायचं तर साधा यूएसबी वेबकॅम चालतो, पण तीन ठिकाणी लोक हमखास चुकतात.

पहिली चूक लेन्सची. ३५०डीचा व्ह्यूफाइंडर ०.८ पट मोठेपणाचा आहे, डोळ्याला त्याची चौकट आडवी जेमतेम २० अंशांची दिसते. वेबकॅम साधारण ६० अंश बघतो. तसाच चिकटवला तर काळ्या पडद्याच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र येतं. वेबकॅममध्ये एम-१२ आट्याची लेन्स असेल तर ती काढून ८ मिमीची बसवा. पाव इंची सेन्सरवर ती २५ अंशांच्या आसपास बघते, चौकट छान भरते. मूळ लेन्सला कारखान्यात डिंकाचा थेंब लावलेला असतो. तो ब्लेडच्या टोकाने खरवडल्याशिवाय पिळू नका, नाहीतर लेन्सऐवजी धारकच बोर्डापासून उखडतो.

दुसरी फोकसची. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र काचेवर नसतं. डायोप्टर (आयपीसशेजारचं डोळ्याच्या नंबराचं चाक) मधोमध असताना ते डोळ्याला साधारण १ मीटर लांब भासतं. म्हणून वेबकॅम आधी मीटरभर लांबच्या वर्तमानपत्रावर फोकस करून घ्यायचा, मग आयपीसला लावायचा. उरलेला फरक डायोप्टरच्या चाकाने.

तिसरी अंतराची. रबरी आयकप काढून वेबकॅमची लेन्स आयपीसच्या काचेपासून २ सेंटीमीटरच्या आत आणा. त्याहून लांब गेली की कोपरे काळे. आणि सगळं काळ्या कागदाने नीट झाका. मागून प्रकाश शिरला तर तो मीटरिंगच्या (उजेड मोजणाऱ्या) सेन्सरवरही पडतो आणि कॅमेरा फोटो काळपट काढतो.

भिंगरी
झरोकांच्या जुगाडात हेही धरा की ती चौकट ९५ टक्केच आहे, म्हणजे फोटोत कडेला थोडं जास्त येणार. आणि फोकस त्यावरून ठरवू नका. या बॉड्यांची फोकसिंग स्क्रीन उजेडासाठी घडवलेली असते, एफ १.८ची लेन्स लावली तरी तिच्यात डेप्थ (पुढे-मागे किती भाग स्पष्ट आहे ते) एफ २.८च्या आसपासचीच दिसते. रचना बघायला उत्तम, बारीक फोकसला निरुपयोगी.

टिंबटिंब
म्हणजे कॅमेऱ्यातून बघायला कॅमेरा. उद्या वेबकॅममधून बघायला मोबाइल लागेल, तेव्हा मला आठवा.

मघा
४०डीबद्दल लिहिते. ईओएस कॅमेरा मूव्ही रेकॉर्ड नावाचं फुकट प्रोग्रॅम आहे. कॅमेरा यूएसबीने जोडा, लाइव्ह व्ह्यू मेनूतून चालू करून ठेवा, कॅननचं स्वतःचं ईओएस युटिलिटी बंद करा (दोन्ही एकदम चालू असतील तर कॅमेरा एकालाच मिळतो आणि दुसरं मुकाट बसतं), आणि रेकॉर्ड. ४०डीकडून सुमारे १०२४ बाय ६८० ची जेपेग चित्रं येतात आणि एव्हीआय फाइलमध्ये भरली जातात. वेग ठरलेला नसतो. लॅपटॉप आणि केबल चांगली असेल तर वीसच्या वर जातो, नाहीतर लटपटतो. आवाज नाही.

हातकामाच्या व्हिडिओला हे कामचलाऊ आहे. ग्रहांच्या फोटोंना मात्र अगदी बेतून केल्यासारखं. पूर्ण दृश्यात ३८८८ पिक्सेलची रुंदी १०२४ मध्ये कोंबलेली असते, गुरू म्हणजे एक ठिपका. ५ पट झूम दाबला की सेन्सरचा मधला तुकडा जवळजवळ एकास एक येतो. त्यात दोन-तीन हजार फ्रेम घ्यायच्या, रेजिस्टॅक्स या प्रोग्रॅममध्ये चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक रचायच्या, मग वेव्हलेटने (बारकावे उठवणारी सोय) चित्र धारदार करायचं. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे क्लिप दोन-तीन मिनिटांपलीकडे नेली तर पट्टे पुसट होतात. फोकस ताऱ्यावर बाहतिनोव्ह मास्क (लेन्सपुढे लावायची, फोकस जुळल्याचं दाखवणारी खाचांची जाळी) लावून, १० पट झूममध्ये.

दोनबोटे
आणि हे सगळं जून ते सप्टेंबर सोडून :)

मघा
ग्रह बघायला वांगणीला गेलं तर ऑक्टोबरमध्येही दव लेन्सवर बसतं. पण तो वेगळा धागा.

खटक्या
४०डीला कॅप्चर कार्ड (व्हिडिओ सिग्नल संगणकात घेणारं साधन) लावून चालेल का? तिला एव्ही आउट आहे.

रिळवाला
चालतं. लाइव्ह व्ह्यू टीव्हीवर जातो तोच सिग्नल. मेनूत व्हिडिओ सिस्टिम पाल करा आणि स्वस्तातला कंपोझिट-यूएसबी डाँगल लावा. पण मिळतं ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड, वर कॅमेऱ्याचं फोकसचं चौकोन तसंच. यूएसबीचा रस्ता त्याहून चांगला. ५०डीला मिनी एचडीएमआय आहे, तिथे कॅप्चर कार्डाला अर्थ आहे. लिनक्सवाल्यांनी जीफोटो२ची (लिनक्सवरून कॅमेरा चालवायचं साधन) मूव्ही-कॅप्चर सोय बघा. तिचा प्रवाह एफएफएमपेगमधून व्ही४एल२ लूपबॅकला दिला की ४०डी सरळ वेबकॅम म्हणून दिसते. आधी फाइल मॅनेजरने कॅमेरा आपोआप माउंट केलेला असतो, तो अनमाउंट केल्याशिवाय जीफोटो२ "डिव्हाइस व्यस्त" म्हणून रडतं. निम्म्या तक्रारी याच्याच असतात.

सह्यवेडा
५०डीवर मॅजिक लँटर्न (व्हिडिओची सोय उघडणारं, हौशींनी लिहिलेलं जोड-फर्मवेअर) कसं घालायचं ते कुणी सविस्तर लिहा ना. वरवरचं सगळीकडे आहे, अडतं तिथलं कुणी लिहीत नाही.

काळीपांढरी
लिहिते. मॅजिक लँटर्न २००९मध्ये ट्रॅमेल हडसनने ५डी मार्क २ साठी सुरू केलं. ते कॅननचं फर्मवेअर पुसत नाही, कार्डावरून त्याच्या जोडीला चढतं.

कॅमेऱ्यात मूळ फर्मवेअर १.०.९ हवं. मेनूत बघा, दुसरं असेल तर आधी तिथे आणा, कारण मॅजिक लँटर्नची प्रत नेमक्या त्या आवृत्तीचे पत्ते धरून बनवलेली असते. कार्ड कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करा. संगणकावर झिप उघडून त्यातलं सगळं (ऑटोएक्झेक फाइल, एमएल फोल्डर, .फिर फाइल) कार्डाच्या मुळाशी टाका, कुठल्या उपफोल्डरमध्ये नाही. पूर्ण चार्ज बॅटरी, डायल एम वर. ऑटोच्या हिरव्या चौकोनावर डायल असेल तर फर्मवेअरची ओळ मेनूत दिसतच नाही, आणि लोक "माझ्या बॉडीत ऑप्शनच नाही" म्हणून धागे काढतात. अपडेट चालवा, हिरवी पाटी आली की कॅमेरा बंद करून चालू करा. पुढे कचरापेटीच्या बटणावर मॅजिक लँटर्नचा मेनू उघडतो.

आता अडतं ते. इन्स्टॉल होताना कॅमेऱ्यात एक बूट-खूण कायमची बसते आणि कार्डावरही एक बसते. नंतर त्याच कार्डावरच्या फाइली संगणकावर पुसल्यात पण खूण राहिली, तर कॅमेरा चालू होताना ऑटोएक्झेक शोधतो, सापडत नाही, आणि तिथेच लटकतो. पडदा काळा, बटणं बधिर, आत बॅटरी मात्र संपत असते. लोकांना वाटतं बॉडी मेली. बॅटरी काढा, दुसरं साधं कार्ड घाला, जिवंत होते. मग ते कार्ड नीट फॉर्मॅट करा किंवा त्यावर फाइली परत टाका. दुसरं, कार्डाचं झाकण उघडल्यावर लगेच कार्ड ओढू नका. लाल दिवा विझेपर्यंत, नाहीतर पाच सेकंद थांबा. एकदा मॅजिक लँटर्नशिवाय चालू करायचं असेल तर सेट बटण दाबून धरून ऑन करा.

सह्यवेडा
खणखणीत! आणि रेकॉर्डिंग?

काळीपांढरी
कॅननच्या मेनूत लाइव्ह व्ह्यू आणि एक्स्पोजर सिम्युलेशन चालू करा. मॅजिक लँटर्नच्या मूव्ही पानावर रेकॉर्डिंग चालू. मग लाइव्ह व्ह्यूत सेट दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. १९२० बाय १०८०, ३० फ्रेम, एच.२६४. फाइल ४ जीबीला थांबते, ती फॅट३२ची मर्यादा. आवाज नाही, कारण बॉडीत माइकही नाही आणि माइकचं भोकही नाही. वेगळा रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर लावा, सुरुवातीला चौकटीत एक टाळी वाजवा, एडिटिंगमध्ये आवाजातलं टाळीचं शिखर हात जुळल्याच्या फ्रेमशी जुळवा. लांब क्लिप असेल तर शेवटीही एक टाळी, म्हणजे आवाज किती सरकला ते कळतं.

दोनबोटे
एच.२६४वर थांबू नका. २०१३मध्ये मॅजिक लँटर्नने रॉ व्हिडिओ (सेन्सरवरचं चित्र न दाबता जसंच्या तसं) आणला, आणि ५०डीचं नशीब तेव्हा खरं उजळलं. पण गणित करून कार्ड घ्या. १५३६ बाय ८६४, १४ बिट, २५ फ्रेम: एका फ्रेमला २.३ एमबी, म्हणजे सेकंदाला ५८ एमबी. मिनिटाला साडेतीन जीबी. ३२ जीबीच्या कार्डात जेमतेम नऊ मिनिटं. दर सव्वा मिनिटाला ४ जीबीचा तुकडा पडतो, कारण या बॉडीला एक्सफॅट कळत नाही. ६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये फॅट३२ करायला जाल तर नेहमीची फॉर्मॅट-खिडकी ३२च्या वर बहुधा नकार देते, कॅमेऱ्यातच करा.

कार्डावर १००० एक्स लिहिलेलं असतं ते १५० एमबीचा आकडा आहे, पण तो वाचण्याचा. लिहिण्याचा त्याहून कमी. नकली सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डं बाजारात भरपूर आहेत, म्हणून आधी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा, मग मॅजिक लँटर्नच्या स्वतःच्या बेंचमार्कने कॅमेऱ्यातला वेग. हवा त्यापेक्षा आकडा पाचाने तरी जास्त दिसला पाहिजे, नाहीतर बफर भरून रेकॉर्डिंग मध्येच तुटतं. मिळालेल्या एमएलव्ही (मॅजिक लँटर्नच्या रॉ व्हिडिओच्या) फाइली एमएलव्ही ॲपमधून उघडायच्या.

भिंगरी
सगळे आकडे बरोबर, पण पोथीवाल्याला रॉ व्हिडिओ कशाला? आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही: ट्यूबलाइट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा मिचमिचतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर प्रत्येक फ्रेमला पूर्ण मिचमिच मिळतात आणि चित्र स्थिर राहतं. १/६० ठेवलं की पडद्यावरून वर-खाली पट्टे सरकतात. ३० फ्रेमवरही १/५० चालतं, फ्रेमदराशी भांडण नाही, शटरशी आहे. स्वस्त एलईडी बल्बांनाही हेच लागू, ड्रायव्हर वाईट असेल तर जास्तच.

अंगणातल्या उन्हात उलटी पंचाईत. आयएसओ १००, १/५० वर भर उन्हात एफ २२ लागतो. एफ २.८ हवा असेल तर सहा स्टॉप कापायचे, म्हणजे एनडी ६४ (उजेड कमी करणारा करडा) फिल्टर. तो नाही म्हणून लोक १/२००० वर चित्रीकरण करतात आणि मग हात हलले की तुटक दिसतात म्हणून कॅमेऱ्याला शिव्या.

सह्यवेडा
विदर्भात मे महिन्यात हे उघड्यावर चालवू नये, एवढी भर. कॅननने या बॉड्यांना ४० अंशांपर्यंतच वापरायला सांगितलंय. लाइव्ह व्ह्यूत सेन्सर सतत चालू, तापमान मॅजिक लँटर्न खालच्या पट्टीत दाखवतं. आकडा चढत गेला की सावल्यांत रंगीत दाणे वाढतात. दोन क्लिपांच्या मध्ये लाइव्ह व्ह्यू बंद ठेवा.

झरोका
निकॉनवाल्यांचं काय? डी३०० आणि डी७०० ला लाइव्ह व्ह्यू आहे, व्हिडिओ नाही. २००८चा डी९० व्हिडिओवाला पहिला डीएसएलआर, ७२० ओळी, २४ फ्रेम, एका वेळी ५ मिनिटं. डी३०० त्याच्या आदल्या वर्षीचा.

रिळवाला
निकॉनला मॅजिक लँटर्नसारखं रुजलेलं काही नाही. हौशी मंडळींनी काही मॉडेलांच्या फर्मवेअरमध्ये वेळेची मर्यादा काढण्यासारखे बदल केले, पण नसलेला व्हिडिओ डी३०० मध्ये कुणी घातला नाही. यूएसबीने लाइव्ह व्ह्यू संगणकावर बघायला डिजिकॅमकंट्रोल आहे. डी४०, डी८०, डी२०० सीसीडीवाले (जुन्या प्रकारच्या सेन्सरचे, लाइव्ह व्ह्यू नसलेले), त्यांना झरोकांचा वेबकॅमच.

आणि कंपन्या स्वतः देत नाहीत असंही नाही. ५डी मार्क २ आली तेव्हा फक्त ३० फ्रेम आणि एक्स्पोजर सगळं ऑटो. २००९मध्ये फर्मवेअरने मॅन्युअल एक्स्पोजर दिलं, २०१०मध्ये २४ आणि २५ फ्रेम. बॉडी तीच. ५०डीच्या वाट्याला ते आलं नाही, हा विक्रीचा निर्णय होता असं माझं मत, तांत्रिक अडचण असती तर मॅजिक लँटर्नला जमलंच नसतं.

काळीपांढरी
इतिहासात शिरलाच आहात तर ऑलिंपस ई-३३० विसरू नका, २००६. त्यात आरसा वर न करता लाइव्ह व्ह्यू होता. व्ह्यूफाइंडरच्या वाटेतच दुसरा छोटा सेन्सर बसवला होता. म्हणजे झरोका वेबकॅम लावून जे करायला सांगताहेत, ते ऑलिंपसने बॉडीच्या आत करून विकलं.

झरोका
बघा! जुगाड म्हणू नका आता, परंपरा म्हणा.

खटक्या
सगळ्यांचे आभार, पण गाडी गुरू ग्रहावर जाऊन आली. पोथ्यांसाठी नेमकी कुठली बॉडी?

भिंगरी
४०डी. व्हिडिओचा हट्ट असेल तरच ५०डी.

कारण असं. स्टँडवर कॅमेरा हलत नाही, पानं सरकतात. रचना आणि फोकस गठ्ठ्याला एकदा लावायचा, मग दर वीस-पंचवीस पानांनी तपासायचा, कारण गठ्ठा खाली जातो तसा फोकस सरकतो. ईओएस युटिलिटीत लाइव्ह व्ह्यू लॅपटॉपवर येतो, १० पट झूममध्ये शाईच्या कडेवर फोकस, लेन्स मॅन्युअलवर, एफ ८, आयएसओ १००. कॅमेरा पानाला समांतर आहे का ते बघायला टेबलावर साधा आरसा सपाट ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर चौकटीच्या मध्यात आलं की समांतर. मग आरसा काढून पोथी. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर.

४०डीचा आणखी एक फायदा: लाइव्ह व्ह्यूत सायलेंट मोड १ ठेवला तर आरसा आधीच वर असतो आणि शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक चालतो, म्हणजे उघडताना धक्काच नाही. १/८ ते १/३० च्या शटरला, जिथे स्टँड थरथरतो, तिथे अक्षरांच्या कडांत फरक दिसतो. मात्र दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश लावाल तर सायलेंट मोड बंद करा, नाहीतर फ्लॅश पेटणारच नाही.

दोनबोटे
भिंगरींना +१. ३५०डी आधीच घरात असेल तर फेकू नका, तिलाही ईओएस युटिलिटीच्या जुन्या आवृत्तीवरून क्लिक करता येतं, फक्त चित्र आधी दिसत नाही. एक फोटो काढा, लॅपटॉपवर शंभर टक्के करून बघा, फोकसची रिंग केसभर फिरवा, परत काढा. चार-पाच फोटोंत जागेवर येतो.

मघा
दिवसभर लाइव्ह व्ह्यू चालवणार असाल तर बॅटरीचं बघा. बीपी-५११ए ७.४ व्होल्ट, १३९० मिलीअँपिअर-तास, लाइव्ह व्ह्यूत झपाट्याने उतरते. एसीके-ई२ किट, म्हणजे डीआर-४०० ही डमी बॅटरी आणि अडॅप्टर, ४०डी आणि ५०डी दोघांना चालतं. डमीची वायर बॅटरीच्या कप्प्याच्या कडेला असलेल्या छोट्या रबरी खाचेतून काढा. झाकण तसंच दाबलंत तर ते पूर्ण बसत नाही आणि झाकणाचा स्विच न दाबल्यामुळे कॅमेरा चालूच होत नाही.

खटक्या
४०डी ठरली. यूएसबी केबल किती लांब चालेल? लॅपटॉप टेबलापासून जरा दूर आहे.

रिळवाला
५ मीटरपर्यंत साधी, त्यापुढे ॲक्टिव्ह. पण लांबीपेक्षा कॅमेऱ्याकडचं मिनी-बी सॉकेट जपा. केबलचं वजन त्यावर लटकलं की ते बोर्डापासून सैल होतं आणि मधूनच कनेक्शन तुटतं. केबलचा एक वेढा ट्रायपॉड-प्लेटभोवती घेऊन वेल्क्रोने बांधा.

टिंबटिंब
मोबाइलला केबल लागत नाही. बोललो फक्त.